टॅपेट न मोजता इंजिन उघडू नकोस

खारेगावहून आलेलं पत्र, थोडं छोटं करून:

"काका नमस्कार, वय २६, ऑफिस महापे एमआयडीसीत. बाबांची २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मीच चालवते. दिवाळीच्या आधी इंजिनातून टिकटिक यायला लागली म्हणून एका गॅरेजला दाखवली, त्यांनी टॅपेट टाइट करून दिले, आवाज एकदम बंद झाला. पण नंतर दोनेक महिन्यांत किक हलकी लागायला लागली, प्रेशरच नाही, सिग्नलला गाडी बंद पडते, ठाणे-बेलापूर रोडच्या फ्लायओव्हरवर तिसऱ्या गिअरवर आणावी लागते. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो. आता दुसरा मेकॅनिक म्हणतोय हाफ इंजिन करावं लागेल, बोर-पिस्टन, नाहीतर स्क्रॅपमधलं दुसरं इंजिन बसवून देतो, ते स्वस्त पडेल. मला वाटतंय मीच घरी करावं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, थोडे पाने आहेत, व्हिडिओ बघितलेत. बाबा म्हणतात इंजिनला हात लावू नकोस. काय करू?"

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलीस. टॅपेट टाइट केले आणि आवाज एकदम बंद झाला. मी वाचताना तिथेच थांबलो. घरी करू का याचं उत्तर हो असंच आहे, पण इंजिन उघडायचं का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आज तुझ्याकडेही नाही आणि त्या दुसऱ्या मेकॅनिककडेही नाही, कारण तुझ्या पत्रावरून दिसतंय की त्याने प्लग काढून बघितला नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं नाही, टॅपेटला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावला नाही, किक मारून बघितली आणि सांगून टाकलं.

टॅपेटचं काय होतं ते नीट समजून घे. कॅम (फिरणारा उंचवट्याचा दांडा) रॉकरला (छोट्या तरफेला) उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला, म्हणजे सिलिंडरच्या हवेच्या दाराला दाबतो, आणि रॉकरवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यामध्ये थोडीशी फट मुद्दाम ठेवलेली असते. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते, तुझ्या इंजिनातली फट त्याहूनही कमी. एवढीशी फट का ठेवायची, तर इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबीला वाढतो आणि त्याला वाढायला जागा लागते, ती दिली नाही तर रॉकर त्याला कायम किंचित दाबून धरतो, मग व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या गोल कडेवर, पूर्ण बसत नाही आणि पिस्टन वर येताना दाबलेली हवा तिथून निसटते. म्हणून किक हलकी, म्हणून स्लोला, म्हणजे रेस न देता, गाडी टिकत नाही, म्हणून चढाला दम नाही. तुझी तिन्ही लक्षणं एकाच फटीतून येऊ शकतात. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचं तर जास्त वाईट होतं, कारण तो अंगातली उष्णता सीटला टेकूनच हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या भागात, सोडत असतो, नीट टेकला नाही तर त्याची कड जळायला लागते. आणि जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये आत बसत जातो, त्यामुळे फट आपोआपही कमी होत असते, त्यात कोणी आवाज घालवायला म्हणून अजून आवळलं की संपलं. हलकी टिकटिक करणारं इंजिन मला चालतं, अचानक गप्प झालेल्या इंजिनाची टॅपेटची झाकणं मी लगेच उघडून फट मोजतो.

तर पहिलं काम टॅपेट. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी गाडी, रविवारी सकाळी. फिलर गेज विकत घे, ०.०५ पासूनच्या पात्या असलेला, आणि तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला फटीचा आकडा कागदावर लिहून ठेव, व्हिडिओतल्या माणसाचा आकडा नको, त्याची गाडी वेगळ्या सालची असू शकते. प्लग काढ, म्हणजे इंजिन हाताने फिरवता येईल. हेडवरची टॅपेटची दोन झाकणं काढ. मग डाव्या मॅग्नेट कव्हरवरची (मॅग्नेट म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक) दोन झाकणं उघड, एकातून मॅग्नेटचा नट दिसेल आणि दुसऱ्यातून खुणा. नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. मॅग्नेटवर टी आणि एफ अशा दोन खुणा आहेत, आपल्याला टी पाहिजे, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, एफ इग्निशनची आहे, घाईत गफलत होते.

आता टी खूण दोन वेळा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना, आपल्याला कॉम्प्रेशनची हवी. सगळे सांगतात की दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत म्हणजे बरोबर, पण तुझे टॅपेट खरंच टाइट असतील तर कुठल्याच वेळी खेळ मिळणार नाही आणि तू गोंधळशील. म्हणून इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बघ. या इंजिनात सिलिंडर जवळजवळ आडवा आहे, त्यामुळे वरचं झाकण इनटेकचं आणि खालचं एक्झॉस्टचं. नट फिरवत इनटेकचा रॉकर व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की त्यानंतर येणारी पहिली टी हीच कॉम्प्रेशनची. तिथे थांब आणि काही ढिलं करायच्या आधी फट मोज आणि वहीत लिही. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते, कारण सगळ्यात बारीक पातीसुद्धा जात नसेल तर तुझ्या दोन महिन्यांच्या त्रासाचं कारण तुला तिथेच सापडलं. मग लॉकनट ढिला करून स्क्रूने फट लावायची, पाती आत ओढताना लोण्यात सुरी चालावी तशी चालली पाहिजे, अडकतही नाही आणि सैलही नाही, मग स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळायचा आणि परत मोजायचं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. मी तरी तीन वेळा मोजतो.

झालं की प्लग लावण्याआधी प्लगचं तोंड बघून घे. ओला, तेलकट, काळा असेल तर ऑइल जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर बघ. आणि कार्बोरेटरचा विषय निघालाय तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे २००३ च्या गाडीचा पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरमधले ओरिंग एकदा बदलून टाक, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल स्क्रूने काढून ठेव. स्लोला बंद पडण्यात याचाही वाटा असू शकतो.

मग आठवडाभर गाडी चालव. किक जड झाली, स्लो टिकला, फ्लायओव्हर टॉप गिअरमध्ये चढला तर इंजिन उघडायचं काहीही कारण नाही, धुराचं आपण वेगळं बघू.

धूर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी निळा धूर येऊन मिनिटभरात जात असेल तर पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या रबरावर, रिंगवर (पिस्टनवरच्या कड्यांवर) नाही. सील कडक झालेलं असतं, रात्रभर हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेलेल्या असतील तर धूर दिवसभर येतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळलास की जास्त येतो, मागचा माणूस सांगतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून आलीस आणि परत पिळताना भपकन आला तर पुन्हा सील किंवा व्हॉल्व्ह गाइड (दांडा सरकतो ती नळी). बाबांना पार्किंगमध्ये मागे खुर्ची टाकून बसव आणि तू रेस करून दाखव, वीस वर्षं त्यांनी ही गाडी ऐकलीय, काय बदललंय ते त्यांना तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळेल. अजून एक, ऑइल जास्त भरलेलं नाही ना ते बघ, गाडी मेन स्टँडला सरळ, आणि डिपस्टिक मापताना आटे न फिरवता नुसती टेकवायची, फिरवून बसवली की लेव्हल आहे त्याहून जास्त दिसते आणि खरी कळत नाही.

टॅपेट लावूनही किक हलकीच राहिली तर मग कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, पाचसहा किका, काटा कुठे थांबतो ते लिही. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोज. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांकडून, फारसा वाढला नाही तर व्हॉल्व्हकडून. तुझ्या आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल खालच्या बाजूला जमतं, सगळीकडे सारखं पसरत नाही, त्यामुळे ऑइल टाकल्यावर दोनतीन वेळा इंजिन हळू फिरव आणि मग मोज, आणि तरी या टेस्टवर शंभर टक्के भरवसा नको, धूर आणि प्लग काय सांगतायत ते बरोबर धरून ठरव.

मी एवढं मोजायला का सांगतोय त्याचं कारण आहे. माझ्या हिरो होंडा सीडी हंड्रेडला २००६ साली असाच हलक्या किकचा त्रास झाला, एकाने सांगितलं बोर करा, म्हणजे ब्लॉक (सिलिंडर) आतून कापून रुंद करा आणि मोठा पिस्टन घाला, मी टूलरूममध्ये काम करणारा माणूस, दिवसभर मायक्रोमीटर हातात, आणि तरी स्वतःच्या गाडीला न मोजता ब्लॉक बोर करून आणला. नवीन पिस्टन, नवीन रिंगा, सगळं बांधलं आणि किक तशीच हलकी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळलेली होती, हेड हातात असताना मी ती बघितलीच नव्हती. ब्लॉकमधून कापलेला धातू परत येत नाही. तुझ्या स्प्लेंडरचा स्टँडर्ड बोर ५० मिमी आणि स्ट्रोक ४९.५, म्हणून ९७.२ सीसी, आणि ओव्हरसाइज पिस्टन पाव पाव मिलिमीटरने वाढत जातात, म्हणजे त्या ब्लॉकला मोजकेच बोर आहेत, त्यातला एक मी फुकट घालवला. अजून त्याचं वाईट वाटतं.

दुसरं इंजिन टाकायला तर मी ठाम नाही म्हणेन. इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य पेटीवर, मारलेला असतो आणि तोच आरसी बुकात आहे. हेड बदल, ब्लॉक बदल, नंबर तोच राहतो, पण पूर्ण इंजिन बदललं आणि आरटीओत नोंद केली नाही तर तुझी गाडी कागदावर एक आणि रस्त्यावर दुसरी. पंधरा वर्षांनंतर गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं, तुझ्या गाडीची तारीख आरसीवर बघून ठेव, तिथे नंबर तपासतात. इन्शुरन्सचा क्लेम अडकतो ते वेगळंच. आणि ते स्क्रॅपमधलं इंजिन कुठल्या गाडीतून आलं हे तुला कोण सांगणार?

आता समज व्हॉल्व्हच गेलेत, हेड उतरवायलाच पाहिजे. हे घरी होतं, तू करू शकतेस, फक्त एका दिवसात करायचं ठरवू नकोस, चार दिवस ऑफिसला ठाण्यावरून ट्रान्स हार्बर लोकलने जा म्हणजे सोमवारी गाडी लागणार म्हणून रविवारी रात्री घाई होणार नाही, घाईतच आटे जातात. पावसाळ्यात तर उघडूच नकोस, खाडीच्या हवेत सिलिंडरचा उघडा लोखंडी लायनर (आतलं अस्तर) एका रात्रीत तांबूस पडतो, तसंही उघडं ठेवावं लागलं तर ऑइलचं बोट फिरवून स्वच्छ फडक्याने झाकून ठेव.

सामान घेताना नुसतं हेडचं पॅकिंग आणू नकोस, पूर्ण पॅकिंग किट आण, कारण हेडचे लांब स्टड (आट्यांचे दांडे) ब्लॉकमधूनच खाली जातात, हेड सुटलं की ब्लॉकही मोकळा होतो आणि खालचं पॅकिंग हलतं, मग तिथून ऑइल गळायला लागतं. व्हॉल्व्ह सील दोन, सर्कलिप (पिस्टनची पिन अडकवणारी छोटी क्लिप) लागली तर नवीन, बिल घे आणि सीलबंद पाकीट बघ, या गाडीचे नकली पार्ट खूप फिरतात. हत्यारांत फिलर गेज, छोटा टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना), व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढं नवीन घे. कार्बोरेटरच्या जपानी स्क्रूंना आपला साधा प्लस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर नीट बसत नाही, डोकी गोल होतात, त्याचा जपानी टोकाचा वेगळा मिळतो तो घे.

उघडायच्या आधी टी खूण लाव आणि कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चाकावरची) खूण हेडवरच्या खाचेसमोर आहे ना त्याचा फोटो काढ. बांधताना हेच दोन परत जुळले पाहिजेत, एक दात इकडे तिकडे झाला तर गाडी चालू होणार नाही किंवा चालू होऊन दम नसेल, जास्त चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल. स्प्रॉकेट सुटलं की टायमिंग चेन तारेने बांधून ठेव, आत पडू देऊ नकोस. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेव, त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट छोट्या भोकात घातला की केस फुटते. हेडचे नट तिरपे तिरपे, दोनतीन टप्प्यांत सोडायचे, बसवतानाही तसेच, शेवटचा आकडा मॅन्युअलचा. साध्या ६ मिमी बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही, खाली अ‍ॅल्युमिनियम आहे.

व्हॉल्व्ह काढलेस की कड बघ. कुठे खाल्लेली, पांढरट, चिरलेली असेल तर नवीन. चांगली असेल तर ग्राइंडिंग पेस्ट लावून सक्शनच्या काठीने दोन्ही तळहातांत रवीसारखं फिरव, मध्ये मध्ये उचलून जागा बदल, सीटवर सगळीकडे सारखी करडी पट्टी आली की बस, उगाच जास्त घासू नकोस. पेस्टचा एक कणही राहता कामा नये. मग नवीन सील घालून स्प्रिंगसकट व्हॉल्व्ह बसव, पोर्ट (हवेचं भोक) वर येईल असं हेड धरून पोर्टमध्ये डिझेल ओत आणि दहा मिनिटं व्हॉल्व्हच्या कडेने झिरपतं का बघ. कोरडं राहिलं तर काम झालं. व्हॉल्व्ह गाइडमध्ये आडवा हलत असेल तर गाइड बदलायचं काम घरी नको.

हेड बाजूला आहे तोवर सिलिंडरमध्ये बोट फिरव. उभे ओरखडे नखाला लागत असतील किंवा वरच्या कडेला पायरी लागत असेल तर ब्लॉक काढून बोरिंगवाल्याकडे ने, वागळे इस्टेटला नाहीतर तुझ्या ऑफिसच्या वाटेवर रबाळे, नाहीतर पुढे तुर्भे भागात चौकशी कर, आणि पिस्टन आधी विकत घेऊन त्याच्या हातात दे, मग बोर करायला सांग, कारण प्रत्येक पिस्टन थोडा वेगळा असतो आणि बोर त्याला मापून करायचा असतो. ब्लॉक निघाला की खालच्या भोकात फडका कोंब, सर्कलिप उडून क्रँककेसमध्ये गेली की पूर्ण इंजिन खोलायची वेळ येते. पिस्टनवर आयएन लिहिलंय ते इनटेककडे, म्हणजे तुझ्या गाडीत वर, आणि रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नकोस. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर खाली हलवून बघ, बाजूला थोडा सरकला तर चालतं पण वर खाली अजिबात हलता कामा नये, हलला तर क्रँकचं काम आहे, ते प्रेसवर होतं, तिथे थांब आणि चांगल्या माणसाकडे दे. नवीन रिंगा घातल्यास तर पहिले ५०० किमी सांभाळून चालव, एकाच स्पीडला तासभर नको, आणि ऑइल लवकर बदल.

पार्किंगबद्दल. सेक्रेटरींना आधी सांगून ठेव, खाली जाड प्लास्टिक आणि वर पुठ्ठा, आणि पार्ट पेट्रोलने अजिबात धुवू नकोस. पेट्रोलची वाफ आपल्या साध्या हवेतही एका ठिणगीने पेट घेते, जमिनीलगत पसरते, आणि स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) मीटर बोर्ड असतो, बाजूला दहा गाड्या. डिझेलने धू, तेही मोकळ्या जागी. टेस्ट करताना गाडी बंद कोपऱ्यात चालू ठेवू नकोस, बाहेर काढ. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला दे जे ते रीसायकलवाल्याला देतात, २०१६ च्या नियमात ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि खारेगावचं गटार शेवटी खाडीलाच मिळतं, त्याच ठाणे खाडीत फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. हात लावू नकोस म्हणतात ते गाडी बिघडेल या भीतीने म्हणत असतील, तर त्यांना सांग की पहिल्या रविवारी इंजिन उघडणारच नाहीये, फक्त झाकणं काढून फट मोजायची आणि लावायची आहे, आणि आकडे वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे दे. दोन्ही व्हॉल्व्हची काही ढिलं करायच्या आधीची फट आणि प्लगचा एक फोटो मला पाठव, मग हेड उतरवायचं का ते ठरवू.